हौशा उंबरठा ओलांडेना! गुळगुळीत फरशीला घाबरणाऱ्या कुत्र्याला आत कसं आणावं?

मांजराकाठची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आमचं शेत औसा तालुक्यात, घर वस्तीवर. अण्णा (माझे वडील, वय ७४) पोळ्यानंतर गोठ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, आता शहरात आमच्याकडेच आहेत. त्यांच्यामागे हौशानं शेतावर चार दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. गडी रोज फोन करायचा, "ताई, ह्ये काय खाईना." म्हणून त्यालाही घेऊन आलो. कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, पाच वर्षांचा, सडपातळ, उंच. शेतात ससा दिसला की नजरेला सापडायचा नाही असा पळतो.

आमच्या बैठकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. पांढऱ्या, दोन बाय दोनच्या, ट्यूबलाइट खाली दिसावी इतक्या चकचकीत. हौशाला गाडीतून उतरवलं, त्याला अण्णांचा आवाज आला, आणि तो जो धावत सुटला तो थेट आत. तिसऱ्या ढांगेला मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. घसरत जाऊन दिवाणाच्या पायावर आदळला. केवढ्यानं केकाटला! धडपडत बाहेर गेला तो आजतागायत आत आलेला नाही.

आज अकरावा दिवस. पुढचे दोन पाय उंबरठ्यावर ठेवतो, मान लांब करतो, अण्णांकडे बघून बारीक आवाजात कण्हतो. एक पाय उचलून फरशीला लावतो आणि तवा भाजल्यासारखा मागं घेतो. अण्णांची खाट दारापासून चौदा फुटांवर आहे. ते पडल्या पडल्या हात पुढं करतात, "ये की रं बाळा." तो थरथरतो, पण येत नाही. अण्णांना अजून बाहेर नेता येत नाही, वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात तेवढंच. दोघं एकमेकांकडं बघत बसतात आणि मला स्वयंपाकघरात थांबवत नाही.

बाहेरच्या ओट्यावर शहाबादी आहे, तिथं तो मजेत पळतो, जिना चढतो. म्हणजे पाय ठीक असावेत. कुणाला असा अनुभव आहे का? काय करावं?

बालाघाट | सोमवार, रात्री १०:०५

ताई, राग मानू नका. शेतातलं कुत्रं अंगणातच शोभतं. कारवानीला मोकळं रान लागतं, त्याला टाइल्सवर कशाला आणायचं? ओट्यावरच राहू द्या.

उदगीरचा_गडी | सोमवार, रात्री १०:२०

सोपं आहे. दोघांनी उचला, आत न्या, दार लावा. दोन दिवसांत सरळ चालायला लागतंय. आमच्याकडं असंच केलं होतं.

नांदेडची_काकू | सोमवार, रात्री १०:५८

नका हो असं करू! उदगीरच्या भाऊ, तुमचं कुत्रं निभावलं असेल, आमचं नाही निभावलं. आमच्या पहिल्या कुत्रीला यजमानांनी पट्टा धरून ओढत हॉलमध्ये नेलं होतं. ती चारी पाय ताठ करून घसरत आली आणि हॉलच्या मधोमध तिला लघवी झाली. त्यानंतर फरशीची भीती राहिलीच, वर पट्ट्याचीही बसली. पट्टा हातात घेतला की पलंगाखाली. फिरायला न्यायची पंचाईत. वर्षभर निस्तरत होतो आम्ही.

मांजराकाठची, तुम्ही घाई केली नाहीत हे फार चांगलं केलंत. अण्णांना नमस्कार सांगा.

मांजराकाठची | मंगळवार, सकाळी ७:१५

@बालाघाट दादा, राग कशाचा. एरवी मीही तुमच्यासारखंच म्हटलं असतं. पण अण्णांना निदान दोन-अडीच महिने इथंच राहायचंय. आई गेल्यापासून शेतावर त्यांच्या सोबतीला हौशाच. रात्री खाटेखाली झोपायचा. इथं आल्यापासून अण्णा नीट जेवत नाहीत. त्याला घरात सोफ्यावर बसवायची हौस नाही मला. चौदा फूट पार करून तो त्यांच्या हाताखाली यावा, एवढंच.

अजिंठ्याचा_वाटसरू | मंगळवार, सकाळी ९:३०

आमच्या संभाजीनगरच्या फ्लॅटमधली गंमत सांगतो. आमची पिंकी म्हणजे पामेरियन. बेडरूमकडं जाणाऱ्या पॅसेजमध्ये एकदा पुसलेल्या ओल्या फरशीवर घसरली. पुढं महिनाभर पॅसेजच्या तोंडाशी बसून भुंकायची. एक दिवस बघतो तर ही बया पाठमोरी! आधी शेपूट, मग मागचे पाय, तुरूतुरू उलटं चालत पॅसेज पार केला आणि बेडरूमच्या पायपुसण्यावर पोचल्यावर सरळ झाली. चार वर्षं ती तसंच जाते. पाहुणे आले की मुलं आवर्जून दाखवतात.

कारण मात्र आम्हाला कधी कळलं नाही. इथं कुणी पशुवैद्य आहेत का?

गोदाकाठचा_पशुवैद्य | मंगळवार, दुपारी २:१०

आहे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, नोकरी सगळी मराठवाड्यात झाली, आता निवृत्त आहे. जनावरांत आयुष्य गेलं, पण कुत्रीही पुष्कळ पाहिली. सविस्तर लिहितो.

कुत्रा माणसासारखा टाच टेकून चालत नाही, बोटांवर चालतो. पकड दोन गोष्टींची असते. एक तळव्याच्या खरखरीत गाद्या, दुसरी नखं. मातीत पाय घसरायला लागला की तो नखं रोवतो आणि सावरतो. हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. टाइल्सवर तीच सवय उलटते. घाबरला की बोटं आवळून नखं पुढं काढतो, नखं फरशीत रुतत नाहीत, उलट गादी वर उचलली जाते, आणि जी काही पकड होती तीही जाते. म्हणून घसरतो, म्हणून जास्त घाबरतो, म्हणून आणखी नखं काढतो. त्यात घाबरलेल्या कुत्र्याच्या तळव्यांना घाम सुटतो. चकचकीत फरशीवर ओलसर पावलं उमटलेली दिसतील. हे चक्र ओढून-ढकलून तुटत नाही. प्रत्येक घसरणं त्याला पटवत राहतं की त्याची भीती खरी होती.

ताई, आधी हे तपासा:

हौशा ओट्यावर उभा असताना नखं जमिनीला टेकतात का? चालताना टकटक वाजतात का? शेतात पळून नखं आपोआप झिजतात, शहरात झिजत नाहीत. टेकत असतील तर थोडी थोडी कापावी लागतील. काळ्या नखातली नस बाहेरून दिसत नाही, म्हणून एकदम मोठा तुकडा घ्यायचा नाही. चुकून रक्त आलं तर तुरटीची पूड कापसावर घेऊन दाबून धरायची. पहिल्यांदा दवाखान्यातच कापून घ्या.

बोटांच्या मधे केस वाढलेत का? कारवानीला फारसे नसतात. पण पामेरियन, गोल्डन यांच्या गाद्या केसांनी झाकून जातात आणि मोजा घालून टाइल्सवर चालावं तसं होतं. पिंकीचे पाय आजच उलटून बघा, वाटसरू.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तो दिवाणावर आदळला आहे. उठताना वेळ लावतो का, एका बाजूला पाय टाकून बसतो का, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का? मागच्या नखांची वरची बाजू घासलेली आहे का? यातलं काही दिसलं तर दुखणं आहे, भीती नंतर. शेतातून आलेला आहे म्हणून कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीडही बघा. गोचीडतापात कुत्रं गळून जातं, सांधे धरतात, आणि आपल्याला वाटतं फरशीला भ्यालं.

एक विनंती सगळ्यांना. दुखतंय वाटलं म्हणून घरातली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात.

उलटं चालण्याबद्दल: बहुधा पुढं बघितलं की चमक आणि प्रतिबिंब दिसतं, मागं जाताना ते दिसत नाही. शिवाय ती जुनी घसरण सरळ चालताना झालेली, उलट्या चालीशी तिची वाईट आठवण जोडलेली नाही. पिंकीनं स्वतःचा मार्ग काढला आहे, तिला अडवू नका.

अजिंठ्याचा_वाटसरू | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

डॉक्टरसाहेब, पाय उलटून बघितले. गाद्या दिसतच नाहीत, नुसता कापूस! चार वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उद्याच कापून आणतो. धन्यवाद.

तेरणाकाठ | मंगळवार, रात्री ९:००

धाग्याचं नाव वाचून आत आलो आणि गुंतलो. आमचं घर किल्लारीच्या बाजूचं. जुन्या वाड्यात खाली माती, दर आठ दिवसांनी आई शेणानं सारवायची. ३० सप्टेंबर १९९३ ला ते सगळं गेलं. मी सहावीत होतो. पुनर्वसनात घर मिळालं ते शहाबादीचं. आजीला त्या फरशीचीसुद्धा सवय व्हायला महिने लागले. "पायाला जमीन लागंना," म्हणायची. घरात असूनही ओसरीच्या कडेला, जिथं मातीचं अंगण लागायचं तिथं जाऊन बसायची. हौशा उंबरठ्यावर बसतो हे वाचलं आणि आजीच डोळ्यांपुढं आली.

आता भावानं वरती टाइल्स केल्यात. सुंदर दिसतात. पण शहाबादीवर आमचं एकही म्हातारं माणूस घसरून पडलं नव्हतं.

मोसंबी_जालना | मंगळवार, रात्री ९:२५

@तेरणाकाठ खरंय. दगडाला स्वतःचा खरखरीतपणा असतो, शिवाय आपण तिला आरसा करत नव्हतो. शहाबादी आपल्याकडं एवढी का, तर शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, आणि १९५६ पर्यंत ते आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात. जवळचा दगड, स्वस्त दगड.

जनावरांचं सांगायचं तर गोठ्यात सिमेंटचा कोबा करताना गुळगुळीत करूच नये. ओला असतानाच दोरीनं किंवा सळईनं रेघा मारायच्या. माझ्या चुलत्यानं हौसेनं घोटून घेतला होता, पहिल्याच पावसाळ्यात गाभण गाय फाकली. पुढचं लिहवत नाही. डांबरी रस्त्यावर बैल घसरू नये म्हणून खुरांना लोखंडी पत्री मारतात, ती कल्पनाही तीच, पायाला पकड. कुत्र्याला काय मारणार? फरशीलाच काहीतरी करायला पाहिजे.

उदगीरचा_गडी | मंगळवार, रात्री ९:४०

नांदेडच्या काकू, तुमचं वाचलं. आमचं गावठी पिल्लू होतं तीन महिन्यांचं, हे मोठं कुत्रं आहे आणि मार बसलाय त्याला. माझा सल्ला मागं घेतो.

जाता जाता, ताई कारवानी म्हणतायत ते आणि मुधोळ एकच ना? २००५ साली टपाल तिकिटावर मुधोळ म्हणून आलंय ते?

बालाघाट | मंगळवार, रात्री ९:५२

एकच रक्त. कर्नाटकात मुधोळ म्हणायचं, आपल्याकडं कारवानी. अंगावर लांब रेशमी केस असले की पश्मी. यावर जत्रेत हाणामाऱ्या होतील, इथं नको.

लातूरची_पूर्वा | बुधवार, सकाळी ८:२०

ताई, मीही लातूरचीच. एक विचारू? फरशी कशानं पुसता? मला विचाराल तर आपल्या शहरातल्या निम्म्या फरश्या फिनाइलनं घसरड्या झाल्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्या घरी अर्ध्या बादलीत तीन खोल्या पुसायची सवय लागली ती लागलीच. फिनाइल मात्र पूर्वीइतकंच. साध्या पाण्याचा दुसरा हात फिरतच नाही. फरशी वाळली की तिच्यावर पातळ थर राहतो. बोट ओढून बघा, आधी सर्रकन जातं आणि मग बोटाला चिकट लागतं. कुत्र्याच्या नाकाला तर तो वास केवढा येत असेल. एकदा कोमट पाण्यानं दोनदा पुसून, कोरड्या फडक्यानं कोरडी करून बघा.

मांजराकाठची | बुधवार, दुपारी १:३०

पूर्वा, बोट ओढून बघितलं. अगदी तसंच! आमची बाई दोन-दोन झाकणं फिनाइल टाकते, अण्णा आजारी म्हणून मीच सांगितलं होतं. आता कोमट पाण्यानं दोनदा पुसून घेतली. फरक आहे, पण हौशाचा विश्वास बसायला तेवढं पुरेसं नाही.

डॉक्टरसाहेब, आज दवाखान्यात नेलं. हाडं, सांधे ठीक. नखं टेकत होती, कापली. डाव्या कानामागे तीन गोचीड निघाले, औषध दिलंय, ताप नाही. म्हणजे आता नुसती भीती.

आता खाटेपर्यंत सतरंज्या आणि आईच्या दोन गोधड्या अंथरते.

नांदेडची_काकू | बुधवार, दुपारी १:५०

हो, अंथरा. आम्ही असंच केलं होतं. गोधडीला आईच्या घराचा वास असेल, तो पटकन येईल.

हाडांची_ताई | बुधवार, दुपारी २:०५

थांबा थांबा! मी फिजिओथेरपिस्ट आहे, बीडला. कुत्र्याचं मला काही कळत नाही, पण धाग्यात आणखी एक पेशंट आहे, त्याचा विचार कुणीच केलेला नाही.

अण्णांचा खुबा मोडलाय आणि ते वॉकरवर आहेत. त्यांच्या वाटेत सुटी सतरंजी, गोधडी, पायपुसणं काहीही टाकायचं नाही. वॉकरचा पाय कडेला अडकतो, किंवा टाइल्सवर सतरंजीच सरकते. म्हातारी माणसं घरात पडतात त्यात ह्या सुट्या अंथरुणांचा वाटा मोठा असतो, मी आठवड्याला असा एक पेशंट बघते. दुसऱ्या बाजूचा खुबा मोडून आलेले आजोबाही पाहिलेत. कृपा करून नको.

मांजराकाठची | बुधवार, दुपारी २:२०

अगं बाई. वाचून हात गार पडले, दोन सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. उचलल्या. मग करू काय?

मोसंबी_जालना | बुधवार, दुपारी ३:००

गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट? जड असते, तसूभर हलत नाही. माझ्याकडं एक शिल्लक आहे.

हाडांची_ताई | बुधवार, दुपारी ३:१०

हलणार नाही हे चांगलं, पण ती जाड असते ना? अर्ध्या इंचाची कडसुद्धा वॉकरला पायरी होते. पातळ हवी, कडा पूर्ण चिकटलेल्या, आणि रुंदी इतकी की वॉकरचे चारही पाय मॅटवरच राहतील. एक आत, एक बाहेर असं चालणार नाही.

बुटांचं कुणी सुचवायच्या आत सांगते, अण्णांनाही घरात रबरी तळव्याची, मागं पट्टा असलेली चप्पल द्या. मोजे घालून टाइल्सवर अजिबात नाही.

तारेवरचा_माणूस | बुधवार, रात्री ८:३०

मी विजेच्या कामातला. पॅनेलसमोर उभं राहायला आम्ही रबरी मॅट अंथरतो. दोन-तीन मिलिमीटर जाड, मीटरभर रुंद, वरून बारीक रेघा किंवा खरखरीत, रोलमधून हवी तेवढी कापून मिळते. इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात मागा. चारी कडांना खालून दुहेरी चिकटपट्टी लावली की जागची हलत नाही. विजेसाठी घेताना शिक्का, दर्जा सगळं बघावं लागतं, तुम्हाला नुसती पायाला हवी, तेव्हा साधी रेघांची चालेल.

ओल्या पायानं उभं राहूनही घसरत नाही, हे वीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

हाडांची_ताई | बुधवार, रात्री ८:५०

हे उत्तम. मीटरभर रुंदीत वॉकर आरामात बसतो. माझ्या पेशंटनाही सांगणार.

मांजराकाठची | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

मॅट आणली. पण रोल संपत आला होता, दहा फूटच मिळाली. दारापासून खाटेकडं अंथरली तर शेवटच्या दोन फरश्या उघड्याच. दुकानदार म्हणतोय नवा माल पंधरा दिवसांनी.

आणि नवीनच अडचण. रबराचा वास! हौशानं नाक लावलं, शिंकला, आणि ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसला.

गोदाकाठचा_पशुवैद्य | शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

मॅट आधी दोन दिवस उन्हात टाका, मग पहिल्यांदा घरात नको, ओट्यावर अंथरा. ओट्यावर तो निर्धास्त आहे, तिथं मॅटशी ओळख होऊ द्या. जेवण मॅटवरच. अण्णांचं वापरलेलं धोतर किंवा पंचा तिच्यावर घासा.

मग मॅट उंबरठ्यातून अशी सरकवा की निम्मी बाहेर, निम्मी आत. उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि त्याच्या पावलांपुढं वीतभर अंतरावर ठेवा. तो स्वतः पुढं आला तर आला. मागं फिरला तर फिरू द्या, अडवायचं नाही, मागून ढकलायचं नाही. परत जायची वाट मोकळी आहे हे कळलं की कुत्रं पुढं जायचं धाडस करतं. अण्णांना सांगा, हाक मारू नका. हाक आली की तो घाई करेल आणि घाईतच घसरेल.

रोज तीन वेळा, पाच-सात मिनिटं. तो कंटाळायच्या आत थांबवा. पहिले काही दिवस रात्रीची मोठी ट्यूब बंद ठेवून बाजूचा दिवा लावा, फरशी चमकणार नाही.

कुत्र्यांचे रबरी तळव्याचे मोजे मिळतात ते पळत्या कुत्र्याच्या बारीक पायावर फिरतात, रबर वर आणि कापड खाली. कारवानीला मी सुचवणार नाही.

मांजराकाठची | पुढचा बुधवार, रात्री १०:००

पाचव्या दिवसाचा हिशोब. ओट्यावर मॅटवर बसून भाकरी-दूध खातो. सोमवारी चारही पाय घरात! मॅटवर तीन फूट आत. पाठ वाकलेली, शेपूट पोटाखाली, पण आत. अण्णा तोंडावर हात धरून गप्प बसले होते, हाक मारायची नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी.

काल मात्र सगळं बिघडलं. पाहुण्यांच्या लेकरानं मागून टाळी वाजवली, हौशा दचकून वळला आणि मॅटच्या बाहेर टाइल्सवर एक पाय पडला. घसरला नाही, नुसता पाय सरकला. तरी पुन्हा उंबरठ्याबाहेर. आज अंड्यालाही आला नाही.

नांदेडची_काकू | पुढचा बुधवार, रात्री १०:३०

होतं असं. दोन पावलं मागं जाऊन पुन्हा सुरू करायचं, पुन्हा ओट्यावरून. दुसऱ्यांदा लवकर येतो.

आमचा लॅब्राडोर बारा वर्षांचा होऊन गेला. शेवटच्या वर्षी त्याला टाइल्सवरून उठताच यायचं नाही, पुढचे पाय टेकवायचा आणि मागचे तसेच फाकलेले. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, मागचा भार आपण घ्यायचा आणि त्याला चालू द्यायचं. पाण्याच्या भांड्यापर्यंत, दारापर्यंत. योगाची मॅट कापून तुकडे टाकले होते त्याच्या नेहमीच्या जागी. त्याला आपल्या पायानं पाण्याजवळ जाता आलं की तो अर्धं भांडं प्यायचा, आम्ही भांडं तोंडाशी नेलं तर मान फिरवायचा. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या घरात कुणी असेल तर हे लक्षात ठेवा, त्यांना उठायची जागा खरखरीत पाहिजे. आणि वजन वाढू देऊ नका, आम्ही वाढू दिलं त्याची फार चुटपुट आहे.

बालाघाट | गुरुवार, सकाळी ६:५०

माझं मत तेच आहे, कारवानीची जागा रानात. पण ताई, रोज सकाळी उठून आधी हा धागा बघतो. त्याला संध्याकाळी मोकळ्या मैदानात पळवत जा. चढावर पळवा, मागच्या पायांत ताकद येते. दमलेलं कुत्रं कमी बिचकतं.

गोदाकाठचा_पशुवैद्य | गुरुवार, सकाळी ९:१५

बालाघाट यांचं बरोबर आहे. चढ आणि उठ-बस, दोन्ही मागच्या पायांसाठी चांगलं. ताई, लेकरांना मागून येऊ देऊ नका, बाकी तेच चालू ठेवा.

मांजराकाठची | त्यानंतरचा मंगळवार, रात्री ११:२०

झोप येईना म्हणून आत्ताच लिहिते.

रविवारपर्यंत हौशा मॅटच्या टोकापर्यंत यायला लागला होता. तिथं येऊन बसायचा आणि पुढच्या दोन फरश्यांकडं बघत राहायचा. चार फूट. पलीकडं खाट. मी अंडं फरशीवर ठेवलं तर मान लांब करून घ्यायचा, पाय मात्र मॅटच्या काठावर रोवलेले. नवा रोल अजून आलेला नाही.

आज संध्याकाळी अण्णांची न्हाणीला जायची वेळ होती. खरं तर त्या दोन फरश्यांची अण्णांनाही भीती, तिथं वॉकर टेकवताना दर वेळी माझा दंड घट्ट धरतात. खाटेवरून उठले, नवी पट्ट्याची चप्पल घातली, आणि न्हाणीकडं वळायचं सोडून समोर वॉकर टाकला. मी म्हटलं, "अण्णा, तिकडं नाही." ते म्हणाले, "त्याला येता येईना तर म्या जातो की." एक पाऊल, वॉकर, एक पाऊल. मी पाठीमागं कंबरेला धरून. हौशा उठला नाही, भुंकला नाही, फक्त शेपटी मॅटवर आपटत होती, थप थप थप. अण्णांचा वॉकर मॅटवर आला आणि रबरावर गच्च बसला. मग तिथंच खुर्ची सरकवून दिली. हौशानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि एवढा मोठा उसासा टाकला की अण्णांच्या धोतराची घडी हलली.

रात्री अण्णा सव्वा भाकरी जेवले.

हाडांची_ताई | बुधवार, सकाळी ७:३०

वाचून रडले. पण पुढच्या वेळी उघड्या फरशीवर नको, कळलं ना? खाट चार फूट पुढं ओढा!

तेरणाकाठ | बुधवार, सकाळी ७:४५

खाट पुढं ओढा! पंधरा दिवस एवढी सगळी डोकी लागली आणि हे कुणालाच सुचलं नाही.

मांजराकाठची | बुधवार, दुपारी १२:१०

ओढली. हौशा आता खाटेखाली आहे, त्याच्या जुन्या जागी.

भीती गेली असं म्हणणार नाही. मॅट पुसायला उचलली की लगेच उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. स्वयंपाकघराच्या फरशीवर तर अजिबात येत नाही, त्यातच बरं आहे.

लातूरची_पूर्वा | बुधवार, दुपारी १२:४०

ताई, दुकान कुठल्या भागात? आईसाठी न्हाणीच्या दारात टाकायची आहे.

मांजराकाठची | बुधवार, दुपारी १:००

व्यक्तिगत संदेशात कळवते. नवा रोल आला की दुकानदार फोन करणार आहे, तुझ्यासाठीही सांगून ठेवते. किती फूट?

लातूरची_पूर्वा | बुधवार, दुपारी १:०५

सहा. आणि चिकटपट्टी.